फुजी वाचायचा तर पायथ्यापासून: नकाशा, पाणी आणि खडक यांतून ज्वालामुखी समजून घेण्याची रीत

फुजी पर्वतावर जाणाऱ्या बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. दुपारी बसने पाचव्या टप्प्यावर (चढाईच्या वाटेवरच्या ठरलेल्या थांब्यांना टप्पे म्हणतात) पोहोचायचे, रात्री डोक्याला दिवा लावून चढायचे, पहाटे शिखरावर सूर्योदय पाहायचा, उतरायचे आणि संध्याकाळी टोकियोला परत. चढाई म्हणून यात काही वावगे नाही. पण ज्वालामुखी समजून घ्यायला निघालेल्याने हाच क्रम धरला तर हाती काही लागत नाही. चढताना काळोख असतो आणि उतरताना पाय भरून आलेले असतात. शिवाय सगळ्यात बोलके पुरावे शिखरावर नसून पायथ्याशी आणि आग्नेय उतारावर आहेत.

म्हणून खाली दिलेला क्रम पाळा: आधी कागद, मग पायथा, मग कूस आणि सगळ्यात शेवटी शिखर. भूगोल-भूशास्त्राचे विद्यार्थी, सह्याद्री फिरलेले ट्रेकर आणि नोकरीनिमित्त जपानमध्ये राहणारी मराठी मंडळी, तिघांनाही हीच रीत चालेल. जपानला जाणे होणार नसेल तर पहिले चार टप्पे घरबसल्याही करता येतात.

## तयारी

जपानच्या भौगोलिक सर्वेक्षण संस्थेचा, म्हणजे कोकुदो चिरीइनचा, ऑनलाइन नकाशा मोफत पाहता येतो. त्यावरून फुजीचा १:२५,००० प्रमाणाचा भाग छापून घ्या. या नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर १० मीटरला असतात. सोबत ट्रेसिंग पेपर, तीन रंगांच्या पेन्सिली, मोजपट्टी, होकायंत्र, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि जाड पुठ्ठ्याची वही घ्या. हातोडी घेऊ नका. हा भाग फुजी-हाकोने-इझू राष्ट्रीय उद्यानात येतो आणि पाचव्या टप्प्याच्या वरचा परिसर तर विशेष संरक्षित आहे. तिथला दगड उचलून नेण्यासच काय, जागचा हलवण्यासही मनाई आहे.

भेटीचा काळ ठरवताना एक अडचण लक्षात घ्या. उन्हाळ्यात वाटा उघड्या असतात, पण पर्वत बहुधा ढगात असतो. हिवाळ्यात सकाळी तो लख्ख दिसतो, पण वरचे रस्ते बर्फामुळे बंद असतात. शक्य असेल तर दोन फेऱ्या करा, पायथ्यासाठी थंडीच्या तोंडावर आणि उतारासाठी जुलै-ऑगस्टमध्ये. एकच फेरी जमणार असेल तर उन्हाळा निवडा आणि पर्वताचा पूर्ण आकार पाहण्यासाठी पहाटेची वेळ राखून ठेवा.

## टप्पा १: पर्वताची आजची स्थिती नोंदवा

वहीच्या पहिल्या पानावर लिहा: उंची ३,७७६ मीटर, जागा यामानाशी आणि शिझुओका प्रांतांच्या सीमेवर, टोकियोच्या नैर्ऋत्येस सुमारे १०० किलोमीटर, शेवटचा उद्रेक १७०७. त्याखाली ठळक लिहा: सक्रिय.

इथेच पहिली चूक होते. तीनशे वर्षे शांत आहे म्हणून अनेक जण फुजीला सुप्त ठरवून मोकळे होतात आणि मग शाळेतल्या जिवंत, सुप्त, मृत या तीन खान्यांत सगळे बसवू लागतात. जपानच्या शास्त्रज्ञांनी हे खाने सोडून दिले, त्याला कारण ओन्ताके पर्वत. ज्याचा उद्रेक कोणाच्या हिशेबातच नव्हता, असा हा पर्वत १९७९ मध्ये फुटला. आज जपानमध्ये गेल्या १०,००० वर्षांत उद्रेक झालेला किंवा सध्या जोरात वायू-वाफा सोडणारा प्रत्येक ज्वालामुखी सक्रिय धरतात. असे १११ आहेत आणि फुजी त्यांपैकी एक आहे. २००० आणि २००१ मध्ये फुजीखाली सुमारे १५ किलोमीटर खोलीवर मंद कंपनांचे खोल भूकंप नेहमीपेक्षा बरेच वाढले होते. उद्रेक मात्र झाला नाही.

सावधान: निघण्याच्या दिवशी जपान हवामान संस्थेची ज्वालामुखी इशारा पातळी पाहाच. ती १ ते ५ अशी असते. पण पातळी १ दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. २७ सप्टेंबर २०१४ रोजी ओन्ताके पुन्हा फुटला तेव्हा पातळी १ च होती. ५८ माणसे गेली आणि ५ जण सापडलेच नाहीत. हेल्मेट सोबत ठेवा.

## टप्पा २: समोच्च रेषांवरून उतार मोजा

फोटो पाहून फुजीचे चित्र काढायला सांगितले तर जवळजवळ सगळे जण तो खऱ्यापेक्षा दुप्पट उभा काढतात. त्यावर उपाय एकच, मोजणे.

शिखराजवळ उताराच्या दिशेने नकाशावर १ सेंटिमीटर रेघ मारा. जमिनीवर हे अंतर २५० मीटर होते. तेवढ्यात १० मीटरच्या पंधरा रेषा ओलांडल्या तर चढ १५० मीटर, म्हणजे उतार साधारण ३१ अंश. आता पायथ्याकडे या. तिथे तेवढ्याच रेघेत दोनच रेषा येत असतील तर चढ २० मीटर, म्हणजे साडेचार अंश. वर उभा चढ, खाली जवळजवळ सपाट आणि मधला सगळा प्रवास एकाच सलग वळणाचा. स्तरित ज्वालामुखीचा आकार असा बनतो. तोंडाजवळ जड, खडबडीत तुकडे पडून ढीग उभा राहतो, तर पातळ लाव्हा आणि चिखलाचे लोंढे दूरवर पसरत पायथा रुंदावतात.

सह्याद्री पाहिलेल्या नजरेने इथे एक तुलना जरूर करावी. आपला काळा कातळही बेसॉल्टच आहे आणि फुजीही मुख्यतः बेसॉल्टचा, जे जपानमध्ये वेगळेपण आहे, कारण तिथले बरेच स्तरित ज्वालामुखी अँडेसाइट या दुसऱ्या ज्वालामुखी खडकाचे असतात. मग आकार इतका निराळा का? दख्खनचा लाव्हा लांबच लांब भेगांतून प्रचंड प्रमाणात बाहेर पडला आणि आडवा पसरला. थरावर थर चढले आणि पुढे झिजून कडे व पायऱ्या तयार झाल्या. फुजीचा माल बराचसा एका तोंडातून, थोडा थोडा, स्फोट आणि लाव्हा आलटून पालटून बाहेर आला, म्हणून शंकू. नकाशावर कडा आणि माची शोधत बसाल तर फसाल.

तपासणी: पर्वताचा छेद खऱ्या प्रमाणात काढा. पायथ्याची रुंदी सुमारे ४० किलोमीटर धरा. कागदावर ४० सेंटिमीटर रुंदी घेतली तर उंची पावणेचार सेंटिमीटर भरली पाहिजे. त्याहून जास्त भरली असेल तर तुम्ही उभे प्रमाण ताणले आहे.

## टप्पा ३: बिघडलेल्या रेषा शोधा

फुजी चारी बाजूंनी सारखा आहे, हा दुसरा मोठा गैरसमज. ट्रेसिंग पेपर नकाशावर ठेवा आणि समोच्च रेषांची गोलाई जिथे जिथे मोडते ती जागा रंगवा. घाई करू नका. यावर तासभर खर्च झाला तरी पुढच्या सगळ्या फिरण्याचे चीज होते.

आग्नेयेला शिखर आणि पायथा यांच्या मधोमध मोठा खड्डा आणि त्याला लागून एक उंचवटा दिसेल. ही १७०७ ची होएई विवरे आणि २,६९३ मीटर उंचीचा होएई डोंगर. पश्चिमेला शिखराजवळून खाली उतरणारी, रेषांना आत ढकलणारी खोल घळ म्हणजे ओसावा कुझुरे. ही अजूनही ढासळते आहे आणि तिच्यातून दगडमाती सतत खाली येत असते. उत्तरेला २,३०० मीटरच्या आसपास उतारावर खांद्यासारखा फुगवटा आहे, तो आत दडलेल्या जुन्या ज्वालामुखीचा. त्याच्याकडे पुढच्या टप्प्यात वळू. पूर्वेकडचा गोतेंबाच्या बाजूचा उतार साधा-सपाट वाटतो, पण सुमारे २,९०० वर्षांपूर्वी याच बाजूचा मोठा तुकडा कोसळून खाली वाहत गेला होता. नंतरच्या राखेने ती जखम झाकली.

आता लहान, बंद वर्तुळे शोधा. हे उपशंकू, म्हणजे कुशीतून झालेल्या उद्रेकांचे ढिगारे. वायव्येकडचे ओमुरोयामा आणि नागाओयामा ठळक दिसतात. सगळी वर्तुळे एका रंगाने भरा आणि कागद हातभर लांब धरून पाहा. ती विखुरलेली नाहीत. शिखरातून जाणाऱ्या वायव्य-आग्नेय पट्ट्यात त्यांची दाटी आहे.

याचे कारण जमिनीखाली आहे. फिलिपीन समुद्राची प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा मोठा तुकडा) वायव्येकडे सरकते आहे आणि तिच्यावर बसलेला इझू द्वीपकल्प जपानच्या मुख्य होन्शू बेटाला धडकलेला आहे. त्या दाबाच्या दिशेला समांतर भेगा सहज उघडतात आणि शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, त्यांतून वर येतो.

नेहमीची चूक: फुजी तीन प्लेटांच्या भेटीच्या जागी आहे एवढे लिहून थांबणे. युरेशियाच्या बाजूची, उत्तर अमेरिकेच्या बाजूची आणि फिलिपीन समुद्राची, या तीन प्लेटा इथे भेटतात हे खरे. पण चौथी, पॅसिफिक प्लेट, पूर्वेकडून येऊन या सगळ्यांच्या खाली खोलवर शिरते. तिच्यातून सुटणाऱ्या पाण्यामुळे वरचा प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या जाड थराचा, खडक वितळतो. शिलारस तयार होण्याची सुरुवात तिथून होते. ही प्लेट आकृतीतून गळली तर उत्तर अर्धेच राहते.

## टप्पा ४: एकात एक चार ज्वालामुखी काढा

मघाच्या छेदावर आता आतले थर भरायचे. क्रम खालून वर असाच ठेवा.

१. सेन-कोमिताके. सर्वांत जुना, लाखो वर्षांपूर्वीचा. पृष्ठभागावर कुठेच दिसत नाही. विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या सांध्यावर झालेल्या खोल छिद्रणातून त्याचा पत्ता लागला.

२. कोमिताके. त्याच्यावर वाढलेला. उत्तरेकडचा तो खांदा याचाच. शिखराच्या चार वाटांपैकी योशिदा वाटेच्या पाचव्या टप्प्यावर, २,३०५ मीटरवर, कोमिताके देऊळ आहे. तिथे उभे राहाल तेव्हा तुमच्या पायाखाली आजच्या फुजीपेक्षा कितीतरी जुना डोंगर असतो.

३. जुना फुजी. सुमारे १ लाख वर्षांपूर्वी सुरू झालेला. स्फोटक उद्रेक आणि चिखलाचे लोंढे हे याचे वैशिष्ट्य.

४. नवा फुजी. साधारण गेल्या १०,००० वर्षांतला. सुरुवातीला भरपूर पातळ लाव्हा, नंतर शंकू उंचावणारे उद्रेक. शिखरातून शेवटचा उद्रेक होऊन दोन हजारांहून अधिक वर्षे झाली. त्यानंतरचे सगळे कुशीतून झाले.

तिसऱ्या आणि चौथ्या थरामधली सीमा लाल पेन्सिलीने गडद करा. पुढच्या टप्प्यातले पाणी याच रेघेवरून बाहेर पडते.

## टप्पा ५: पायथ्याला पाण्याचा माग काढा

सह्याद्रीत पाऊस पडला की डोंगराच्या अंगावरून पाण्याच्या धारा लागतात. फुजीवर भरपूर पाऊस आणि बर्फ पडूनही त्याच्या उतारावर बारमाही नदी नाही. सच्छिद्र राख-खडी आणि भेगाळलेला लाव्हा सगळे पाणी पिऊन टाकतात. ते बाहेर येते पायथ्याला.

पहिले ठिकाण शिराइतो धबधबा, फुजीच्या नैर्ऋत्य पायथ्याशी. सुमारे १५० मीटर रुंद आणि २० मीटर उंच. वरून कोसळणारी मधली धार सोडा आणि बाजूच्या भिंतीकडे पाहा. तिथे पाणी कड्याच्या माथ्यावरून येत नाही, कड्याच्या पोटातून असंख्य बारीक धारांनी झिरपते. त्या धारांच्या वरचा भाग नव्या फुजीचा भेगाळ लाव्हा आहे आणि खालचा जुन्या फुजीच्या चिखललोंढ्याचा घट्ट थर. पाणी लाव्ह्यातून उतरते, चिखलाच्या थरावर अडते आणि आडवे बाहेर पडते. तुमच्या छेदातली लाल रेघ इथे डोळ्यांसमोर ओली होऊन उभी असते. वहीत तिचे रेखाचित्र काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरे ठिकाण दक्षिणेकडचे मिशिमा. नव्या फुजीचा सुरुवातीचा लाव्हा शिखरापासून सुमारे ३० किलोमीटर वाहत इथवर आला. शहरातल्या राकुजुएन बागेत तो पायाखालीच दिसतो. जवळच शिमिझु गावात काकिता नदी आहे. जेमतेम सव्वा किलोमीटर लांबीची ही नदी जमिनीतून उकळल्यासारखी वर येते. दिवसाला सुमारे १० लाख टन पाणी, तेही वर्षभर १५ अंशांच्या आसपास. पाण्याच्या तळाशी काळी वाळू नाचताना दिसते. ती स्कोरियाची, म्हणजे ज्वालामुखीतून उडालेल्या काळ्या सच्छिद्र खडीची, बारीक रेती आहे.

तपासणी: उत्तरेकडच्या पाच सरोवरांच्या पाण्याची उंची नकाशावर वाचा. मोतोसु, शोजी आणि साइ या तिघांची उंची ९०० मीटरच्या आसपास, जवळजवळ एकच भरेल. कावागुची आणि यामानाका वेगळ्या उंचीवर निघतील. तसे आले नाही तर आकडे पुन्हा वाचा. कारण पुढच्या टप्प्यात आहे.

## टप्पा ६: आओकिगाहाराचा लाव्हा पायी पाहा

८६४ ते ८६६ या काळात वायव्येच्या कुशीतून, नागाओयामाच्या परिसरातून, लाव्ह्याचा प्रचंड लोट निघाला. तो सेनोउमी नावाच्या मोठ्या सरोवरात शिरला आणि त्याने ते बहुतांश भरून काढले. उरलेले दोन तुकडे म्हणजे आजची साइ आणि शोजी सरोवरे. मोतोसुसकट तिघांचे पाणी आजही खालून जोडलेले मानतात, म्हणून पातळी एकत्र चढते-उतरते.

त्या लाव्ह्यावर उगवलेले आओकिगाहारा जंगल सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. आखलेल्या पायवाटेनेच चाला. मुळांकडे लक्ष द्या: ती खाली न जाता दगडावरून पसरलेली असतात, कारण बाराशे वर्षांत इथे माती जेमतेम वीतभरही जमलेली नाही. लाव्ह्याचा तुटका भाग दिसला की न हलवता भिंग लावा. काळ्या-करड्या दगडात पांढरे ठिपके म्हणजे प्लॅजिओक्लेज हे खनिज, पिवळट-हिरवा काचेसारखा कण दिसला तर ऑलिव्हिन हे खनिज. मग वायूच्या बुडबुड्यांची भोके पाहा. ती रिकामी आहेत. पुणे, नाशिक, जळगावच्या दगडात हीच भोके पांढऱ्या-गुलाबी झिओलाइट खनिजांनी भरलेली सापडतात, कारण आपल्या खडकातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांत खनिजे घेऊन पाणी फिरले आहे. फुजीच्या दगडाला तेवढा वेळच मिळालेला नाही. दगड किती कोवळा आहे हे हातात न घेता कळण्याची ही सोपी खूण.

नारुसावा बर्फगुहा आणि फुगाकु वायुगुहा याच लाव्ह्यात आहेत. वरचा थर गोठला आणि आतला वाहून गेला की अशा पोकळ्या उरतात. उन्हाळ्यातही आत कडाक्याची थंडी असते. स्वेटर न्या आणि डोके सांभाळा.

सावधान: इथे होकायंत्र चालत नाही ही ऐकीव गोष्ट आहे. लाव्ह्यात लोहखनिज असल्याने ते दगडावर टेकवले तर सुई भरकटू शकते. छातीच्या उंचीवर हातात धरून वाचा.

## टप्पा ७: होएईचे विवर

सगळ्या दौऱ्यात एकच ठिकाण करता येणार असेल तर हे करा. फुजिनोमिया वाटेच्या पाचव्या टप्प्यावरून सहाव्यावर चढायचे आणि तिथून उजवीकडे आडव्या वाटेने पहिल्या विवराच्या काठावर. ठणठणीत माणसाला तासभर पुरतो. चढाईच्या हंगामात वरच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी असते, त्यामुळे शटल बसच्या वेळा आधी पाहून ठेवा.

उद्रेक १६ डिसेंबर १७०७ ला सुरू झाला, मोठ्या होएई भूकंपानंतर ४९ दिवसांनी, आणि सुमारे दोन आठवडे चालला. लाव्हा वाहिला नाही. सगळा माल स्फोटाने आकाशात गेला. काठावर पोहोचलात की या क्रमाने पाहा:

१. आधी आकार. हे विवर शिखरावरच्या विवराहूनही मोठे आहे. डोळ्यांनी अंदाज बांधा, मग नकाशावर मोजा.

२. मग वरच्या बाजूची भिंत. पर्वत कापून त्याचे पोट उघडे केले आहे. लाव्ह्याचे कठीण पट्टे आणि मधले भुसभुशीत थर आलटून पालटून येतात. स्तरित ज्वालामुखी हा शब्द इथे डोळ्यांना पटतो. ते पट्टे मोजा.

३. त्याच भिंतीत थरांना छेदून उभ्या गेलेल्या कणखर भिंती शोधा. या डाइक, म्हणजे भेगेत थिजलेला शिलारस. धुळे-नंदुरबारकडे शेतांतून मैलोन्‌मैल जाणाऱ्या दगडी भिंती पाहिल्या असतील तर जात लगेच ओळखाल. टप्पा ३ मधली वायव्य-आग्नेय रेघ आठवून त्यांची दिशा नोंदवा.

४. शेवटी पायाखालचा माल. काळी, हलकी, भोकाभोकांची खडी म्हणजे स्कोरिया. काही ठिकाणी ती विटकरी लाल दिसते.

नेहमीची चूक: हा लाल रंग पाहून आपल्याकडच्या दोन लाव्हाथरांमधली लाल माती आठवते आणि दीर्घकाळ झीज झाली असा निष्कर्ष निघतो. इथे ते लागू नाही. गरम असतानाच हवा लागून त्यातले लोह तांबडे झाले आहे. काही तासांचे काम, हजारो वर्षांचे नव्हे.

पूर्वेकडे, सुबाशिरी-गोतेंबा भागात एखादा उघडा छेद दिसला तर तळाला फिकट प्युमिसचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र दगडाचा, पातळ थर आणि त्यावर काळ्या स्कोरियाचा जाड थर असतो. उद्रेकाची सुरुवात सिलिका जास्त असलेल्या शिलारसाने झाली आणि मग बेसॉल्ट आला, म्हणून हा क्रम. एदोतही, म्हणजे आजच्या टोकियोतही, आधी पांढरट आणि नंतर काळी राख पडली होती. पश्चिमी वाऱ्यांनी ती पूर्वेला नेली. म्हणूनच पूर्वेचे उतार वाळूचे आहेत आणि या बाजूला झाडांची वरची हद्द अजून सावरलेली नाही.

## टप्पा ८: शिखर, वेळ उरला तर

२०२५ पासून चारही वाटांवर ४,००० येन शुल्क आहे आणि वाटेवरच्या मुक्कामाच्या झोपडीचे आरक्षण नसेल तर दुपारी २ ते पहाटे ३ प्रवेश नाही. हंगाम जुलैपासून १० सप्टेंबरपर्यंत. दरवर्षीचे नियम ताजे तपासा.

विवराला उजेडात फेरी मारा. ते सुमारे २०० मीटर खोल आहे आणि त्याच्या भिंतीतही होएईत पाहिलेलेच लाव्ह्याचे पट्टे दिसतात. आता ते वाचता येतील. उतरताना आठव्या टप्प्यापाशी योशिदा आणि सुबाशिरीच्या वाटा फुटतात आणि दरवर्षी अनेक जण भलत्याच प्रांतात उतरतात. पाट्यांचे रंग लक्षात ठेवा: योशिदा पिवळा, सुबाशिरी लाल, गोतेंबा हिरवा, फुजिनोमिया निळा. सैल स्कोरियाच्या उतारावरून धावताना मागच्याने सोडवलेला दगड पुढच्याच्या अंगावर जातो. १९८० च्या ऑगस्टमध्ये याच पर्वतावर दगड कोसळून १२ जण दगावले. एका रेषेत न उतरता अंतर ठेवून उतरा आणि दगड सुटलाच तर मोठ्याने ओरडून खालच्यांना सांगा.